दुभाष्याचे दुखणे

दिवाळीच्या सुट्टीत घरातली मुले दोनच प्रसंगी एकदम गप्प होतात. एक, फराळाच्या डब्यात हात असताना. आणि दुसरा, संगणकावरचा खेळ ऐन रंगात आलेला असताना. पहिल्या शांततेचा शेवट आईच्या हाकेने होतो. दुसरीचा शेवट मात्र हल्ली बऱ्याच घरांत निराळ्याच तऱ्हेने होऊ लागला आहे. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा करकरत उघडतो, तलवार उपसली जाते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच किल्ला नाही, तलवार नाही, शत्रूही नाही! उरतो तो कोरा पडदा. मग आतल्या खोलीतून आरोळी येते, "गेला! पुन्हा क्रॅश झाला!"

शब्दांच्या आणि म्हणींच्या गोष्टी करणाऱ्या या सदरात आज हे यंत्राचे गाऱ्हाणे कशाला, असे नेहमीचे वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा. विंडोजसाठी रचलेला खेळ लिनक्सच्या संगणकावर मध्येच का कोसळतो, हा प्रश्न यंत्राचा आहेच. पण त्याच्या मुळाशी जाऊ लागले की वाटेत भाषांतर लागते, व्याकरण लागते आणि शेवटी निबंधलेखनही लागते. तेव्हा मराठीच्या मास्तरणीने त्यात नाक खुपसले तर ते अगदीच परक्याच्या अंगणात खुपसले असे होणार नाही.

लिनक्स आपल्या घरांत शिरले ते काही केवळ हौसेने नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर ती टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर असल्याशिवाय सरळपणे बसत नाही. परिणाम असा झाला, की धडधाकट यंत्रांवर एका दिवसात वार्धक्याचा शिक्का बसला. ज्या घरांत नव्या यंत्राला पैसे नव्हते, किंवा चालते यंत्र टाकून देणे जिवावर येत होते, त्यांपैकी कित्येकांनी लिनक्सची वाट धरली. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आज विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी धावते, आणि पत्रे, हिशेब, सिनेमा ही घरची कामे बिनतक्रार करते. तक्रार येते ती मुलांकडून, कारण खेळ बहुधा विंडोजसाठी लिहिलेले असतात.

मुळात ते तिथे चालतात कसे, हेच आधी पाहू. कारण जे चालते कसे हे ठाऊक नाही, ते बंद का पडले हे कळणे कठीण.

खेळ म्हणजे आज्ञांची एक लांबलचक पोथी. त्यातल्या आकडेमोडीच्या आज्ञा प्रोसेसर थेट समजतो. यंत्र एकच असल्यामुळे तिथे लिनक्स की विंडोज हा भेद येत नाही. भेद येतो तो खेळ जेव्हा मालकाकडे काही मागतो तेव्हा. "ही फाइल उघड", "मला एवढी मेमरी दे", "इथे एक त्रिकोण रंगव" अशा त्या मागण्या असतात आणि त्या विंडोजच्या भाषेत केलेल्या असतात. लिनक्सला ती भाषा येत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. त्याचे नाव वाइन.

हे नाव मद्यावरून आले असावे असे वाटून कुणी भुवया उंचावू नयेत. "वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर" या वाक्याची ती आद्याक्षरे. म्हणजे 'वाइन'चा अर्थ सांगताना पुन्हा 'वाइन'च! आपल्या न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. तिकडच्या मंडळींनी तो विनोदाने मिरवला आहे. पण त्या वाक्यातला नकार मात्र महत्त्वाचा आहे. एम्युलेटर हा बहुरूप्या असतो, समोर एक अख्खे निराळे यंत्र असल्याचे तो सोंग आणतो. वाइन तसले सोंग आणत नाही. ते मागणी ऐकते आणि तिचा अर्थ लिनक्सच्या भाषेत सांगते, एवढेच.

हा दुभाष्या घडायला किती काळ लागला म्हणता? काम १९९३ मध्ये सुरू झाले, १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड या गृहस्थांनी त्याची धुरा घेतली, आणि १.० ही पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली जून २००८ मध्ये! पंधरा वर्षे. एखाद्या विश्वकोशाला शोभावा असाच हा काळ. आणि विंडोजचे आतले लिखाण गुप्त असल्यामुळे, बाहेरून प्रश्न विचारून, उत्तरे पडताळून, एकेक शब्दाचा अर्थ लावत हा कोश तयार झाला.

तरीही चित्रांचे घोडे अडतच होते. खेळातली दृश्ये रंगवण्यासाठी विंडोजमध्ये डायरेक्ट थ्रीडी नावाची स्वतंत्र बोली आहे. तिचे भाषांतर करता करता दुभाष्याची दमछाक होई. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी, सर्वांना खुली अशी चित्रभाषा आली. मग फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रामरला 'नियर: ऑटोमेटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा प्रोग्रामच लिहायला घेतला. तोच आजचा डीएक्सव्हीके. एका माणसाच्या खेळण्याच्या हट्टातून केवढे काम उभे राहिले पाहा! पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व्ह या कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर साहित्य एकत्र बांधून 'प्रोटॉन' या नावाने आपल्या स्टीम या खेळांच्या दुकानातच ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आले. तेही लिनक्सवरच चालते, आणि त्यावर विंडोजचे खेळ प्रोटॉनच्याच जोरावर खेळले जातात.

म्हणजे दुभाष्या आज चांगला तयार झाला आहे. मग खेळ कोसळतात का? भाषांतर ज्याने कधी केले आहे त्याला हे सांगायला नको. मूळ लेखकाने एखादा शब्द चमत्कारिक अर्थाने वापरलेला असतो. एखादी म्हण दुसऱ्या भाषेत उतरतच नाही. कधी दुभाष्याला सगळे समजते, पण ऐकणाऱ्याच्या घरात मागितलेली वस्तू नसते. आणि कधी मूळ वाक्यच चुकीचे असते. मूळ भाषेतल्या श्रोत्याने ते सवयीने खपवून घेतलेले असते, इतकेच. दोष चौघांपैकी कुणाचाही असू शकतो. खापर मात्र दर वेळी दुभाष्याच्या डोक्यावर फुटते.

माझ्या भाच्याची हकीकत सांगते. ताईच्या घरचा संगणक आठ वर्षांचा. त्यात मेमरी सोळा गिगाबाइट, ग्राफिक्स कार्डही ठीक. त्यावर चिरंजीवांनी लिनक्स बसवले. खेळ छान चाले, पण गोष्टीतल्या नगराच्या वेशीत शिरले की हमखास कोसळे. भाऊजींचे मत तयारच होते. "फुकटचं आहे ते. फुकटात आणखी काय मिळणार?" आणि चिरंजीवांचे उत्तरही तयार होते. "बाबा, नवीन घेऊ या ना!" नव्या यंत्राची किंमत पन्नास हजारांच्या पुढे जात होती, आणि ताईने त्याच पैशांतून त्याची पुढल्या वर्षीची कॉलेजची फी भरायचे योजले होते. गणपतीत मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा घरात आरतीच्या वेळेपुरताच काय तो समेट होता.

"तू आत्तापर्यंत काय काय केलंस?" मी विचारले.

"सगळं केलं, मावशी. सात गोष्टी बदलून पाहिल्या."

"एकेक करून?"

"छे! एकदमच. एकेक करत कोण बसणार?"

माझ्या वर्गात उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर दहा चुका एकदम खोडणारी मुले असतात. पुढच्या परीक्षेला त्यांच्या नऊ चुका जातात आणि चार नव्या येतात. यंत्राचेही तसेच. सात औषधे एकदम घेणाऱ्याला बरे वाटले तरी कशाने वाटले ते कळत नाही, आणि वाईट वाटले तर मुळीच कळत नाही. तेव्हा एक शंभर पानी वही आणली. पहिला नियम ठरला, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललेले लिहायचे, झालेले लिहायचे, आणि उपयोग झाला नाही तर ती गोष्ट पूर्ववत करून मगच पुढे जायचे.

दुसरा नियम वैद्यांचा. रोग्याला आधी विचारायचे, दुखते कधी आणि कुठे? "खेळ चालत नाही" हे काही लक्षण नव्हे. तो उघडतच नाही, की उघडून चित्रफितीपाशी पडतो, की तासाभराने पडतो, की अख्खे यंत्रच गोठवतो? या चार उत्तरांचे चार निरनिराळे रस्ते आहेत. ते जरा सावकाश पाहू.

खेळ उघडतच नसेल, तर बहुधा दुभाष्याच्या आधीच काहीतरी बिनसलेले असते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा बसवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर कर्नलमध्ये जुना तुकडा आणि बाहेर नवा अशी जोडी जमते. ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की भांडण मिटते. कधी व्हल्कनचा ड्रायव्हरच बसवलेला नसतो. जुन्या खेळांना बत्तीस बिटांचे घटक लागतात आणि तेवढेच बसवायचे राहून गेलेले असतात. हे घटक किती मोलाचे आहेत ते २०१९ मध्ये दिसले. उबुंटूने ते यापुढे न देण्याचे जाहीर केले, त्यावर वाल्व्हने आपण मग उबुंटूची शिफारस करणार नाही असे सांगितले, आणि थोड्याच दिवसांत उबुंटूने निवडक घटक ठेवण्याचे मान्य केले.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. पुष्कळ मंडळी विंडोज काढताना जुनी डिस्क तशीच ठेवतात आणि पूर्वी उतरवलेले खेळ तिथूनच चालवू पाहतात. त्या डिस्कची मांडणी एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची असते. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक लुटुपुटीचे घर बांधते, आणि त्यात 'सी' अक्षर व विसर्गासारखी दोन टिंबे असे नाव असलेला दुवा ठेवते, म्हणजे खेळाला आपण नेहमीच्या सी ड्राइव्हवरच आहोत असे वाटावे. विंडोजच्या मांडणीत फाइलीच्या नावात ती टिंबे निषिद्ध! घराची चौकटच बसत नाही, तिथे गृहप्रवेश कसला? खेळ लिनक्सच्या मांडणीच्या डिस्कवर नव्याने उतरवून घ्यावे, हेच उत्तम.

याच सदरात बसणारा आणखी एक दोष आहे, आणि तो शुद्धलेखनाचा आहे. रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दोन तऱ्हेची अक्षरे असतात. 'डेटा' हे नाव मोठ्या 'डी'ने लिहा की लहान, विंडोजला ते एकच. लिनक्सला मात्र ती दोन निराळी नावे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, पण 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. दिवस आणि दरिद्री यांची गल्लत करणाऱ्याला आपण माफ करत नाही. लिनक्सही करत नाही. वाइन स्वतः ही बाब सांभाळून घेते. परंतु हौशी मंडळींनी केलेली वाढीव भर हाताने त्यात टाकली, की एकाच जागी मोठ्या 'डी'ची आणि लहान 'डी'ची अशा दोन पेट्या तयार होतात. खेळ एकीत शोधतो आणि वस्तू असते दुसरीत.

चित्रफितीपाशी खेळ पडत असेल, तर संशय चित्रफितीवरच घ्यावा. पुष्कळ खेळांत मधली दृश्ये विंडोजच्या खास पद्धतीने साठवलेली असतात, आणि ती उलगडणाऱ्या काही पद्धतींवर पेटंटे असल्यामुळे ती सर्वांना सरसकट वाटता येत नाहीत. अशा वेळी प्रोटॉनची निराळी आवृत्ती निवडून पाहावी. स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांच्या पानावर 'कम्पॅटिबिलिटी' या सदराखाली ती निवडता येते. हौशी मंडळींनी तयार केलेली जीई-प्रोटॉन ही आवृत्तीही कित्येकदा इथे कामी येते. नवी आवृत्ती नेहमीच बरी असे मात्र समजू नये. काही खेळांना जुना दुभाष्याच मानवतो, जसा काही घरांना जुनाच गडी.

अख्खे यंत्रच गोठत असेल, उंदीर हलेना आणि कळफलक दाद देईना, तर प्रश्न बहुतेक ग्राफिक्स कार्डाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. इथे आधी पंख्यात साचलेली धूळ पाहावी. आठ वर्षांच्या यंत्रात ती किती निघते, हे दिवाळीची झाडलोट करणाऱ्या गृहिणींना सांगायला नको. तापलेले यंत्र दम खाते, मग अडखळते आणि शेवटी मान टाकते. खेळ कोणत्याही ठिकाणी, पण ठरावीक वेळ खेळल्यावर पडत असेल, तर हा संशय बळावतो.

आमच्या चिरंजीवांचा खेळ मात्र वेळेने नव्हे तर स्थळाने पडत होता. दहा मिनिटांत वेशीशी गेले तरी पडे, आणि दोन तासांनी गेले तरी पडे. वहीत हे वाक्य उतरल्याबरोबर त्याच्याच लक्षात आले, की उष्णतेचा यात संबंध नाही. लिहिण्याचा हा पहिला फायदा.

मग दुभाष्याची रोजनिशी मागवली. प्रोटॉन आपल्या कामाची नोंद ठेवते, पण सांगितल्याशिवाय नाही. खेळाच्या गुणधर्मांच्या पानावर 'लाँच ऑप्शन्स' नावाची एक रिकामी चौकट असते. तिथे मोठ्या रोमन अक्षरांत 'प्रोटॉन', मग खालची आडवी रेघ, मग 'लॉग', मग बरोबरचे चिन्ह आणि एकचा आकडा लिहायचा. एक जागा सोडून लहान अक्षरांत 'कमांड' हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह देऊन लिहायचा. आता खेळ सुरू करून पाडला, की तुमच्या होम फोल्डरमध्ये 'स्टीम' आणि त्या खेळाचा क्रमांक अशा नावाची फाइल तयार होते.

ती उघडल्यावर भाचा घाबरलाच. हजारो ओळी, आणि त्यांत शेकडो ठिकाणी 'फिक्स मी' असा शब्द! "मावशी, हे सगळं बिघडलंय की काय?" तसे नव्हते. 'फिक्स मी' म्हणजे 'मला दुरुस्त करा'. आपल्याला अमुक मागणीचा अर्थ अर्धवटच ठाऊक आहे, असे दुभाष्या तिथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. त्यांतल्या बहुतेक ओळी निरुपद्रवी असतात. भाषांतरकारांनी ज्या ज्या शब्दापाशी शंका आली तिथे तिथे समासात खूण केली असती, तर आपली कित्येक भाषांतरित पुस्तके किती निराळी दिसली असती! असो. वाचायचे असते ते 'एर' अशी खूण असलेल्या ओळी, आणि कोसळण्याच्या अगोदरचा परिच्छेद. अगदी शेवटची ओळ खुनी असतेच असे नाही. पुष्कळदा ती नुसती प्रेताजवळ सापडलेली असते.

त्या परिच्छेदात मेमरी मागितल्याचे आणि ती न मिळाल्याचे दिसले. पण सोळातली सहा गिगाबाइट मेमरी तर मोकळी पडून होती. मेमरी खरोखरच संपली असती, तर कर्नलने एखादा जड प्रोग्राम स्वतःच ठार केला असता आणि तसे आपल्या रोजनिशीत नोंदवले असते. तिथे तसली नोंद नव्हती. मग घरात जागा असून पाहुण्याला जागा नाही कशी?

याचे उत्तर आपल्याकडे ज्याच्या गावी थोडी जमीन आहे त्याला लगेच पटेल. शेत कितीही मोठे असो, त्याचे जितके तुकडे तितके सातबारे. तलाठ्याच्या वहीत ओळी संपल्या, तर जमीन पडीक असूनही नवा तुकडा कुणाच्या नावावर चढणार नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशी एक मर्यादा आहे. एका प्रोग्रामच्या नावावर मेमरीचे जास्तीत जास्त किती तुकडे चढवायचे, हे ती ठरवते. तिचा मूळ आकडा ६५,५३० आहे. साध्या कामाला तो भरपूर. पण काही मोठे खेळ मेमरीचे असंख्य बारीक तुकडे पाडतात. नगर आले, की घरे, माणसे, दिवे, सावल्या यांचे तुकडे वाढत जातात आणि वहीची शेवटची ओळ भरते. 'हॉगवर्ट्स लेगसी', 'डेझ' असे खेळ या मर्यादेला अडखळतात हे ध्यानात आल्यावर फेडोराने २०२३ मधल्या आपल्या ३९व्या आवृत्तीत हा आकडा १०,४८,५७६ केला. उबुंटूने २०२४ मधल्या २४.०४ या आवृत्तीत तेच केले. स्टीम डेकवर तर तो दोन अब्जांच्याही पुढे आहे.

भाच्याच्या यंत्रावरचे लिनक्स या बदलांच्या आधीचे होते. 'व्हीएम', टिंब, आणि मग 'मॅक्स मॅप काउंट' हे तीन शब्द आडव्या रेघांनी जोडून, असे त्या मर्यादेचे नाव. ते, बरोबरचे चिन्ह आणि नवा आकडा अशी एक ओळ कर्नलच्या सेटिंगच्या फाइलीत लिहिली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि चिरंजीव नगराच्या वेशीतून आत शिरले. भाऊजी मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण थोड्या वेळाने चहा घेऊन पुन्हा तिथेच येऊन उभे राहिले. ताईचे फीचे पैसे बँकेत राहिले.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी, कारण या खटपटीत मुलांचे सर्वांत मोठे नुकसान एका सोप्या उपायाने होते. काही चालेनासे झाले, की खेळाचे ते लुटुपुटीचे घर समूळ पुसून नवे बांधावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. उपाय खरा आहे. घर बिघडलेले असेल तर गुण येतो. परंतु कित्येक खेळांची प्रगती, म्हणजे महिनोन्महिने खेळून जिंकलेले सगळे, त्याच घरातल्या 'यूजर्स' या खोलीत ठेवलेले असते. काही खेळ त्याची प्रत दुकानाच्या तिजोरीत पाठवतात, काही पाठवत नाहीत. तेव्हा ते घर पाडण्याआधी आतला ऐवज बाहेर काढावा. त्याआधीही, खेळाच्या सगळ्या फाइली शाबूत आहेत ना हे तपासण्याची सोय स्टीममध्येच असते. ती आधी वापरावी. तिने खेळातली प्रगती पुसली जात नाही.

आणि काही दुखण्यांना औषध नाही, हेही मुलांना वेळीच सांगितलेले बरे. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी नेमलेले असतात. ईझी अँटी-चीट आणि बॅटल-आय या दोन पहारेकऱ्यांनी २०२१ च्या सप्टेंबरात प्रोटॉनला दार उघडण्याची तयारी दाखवली. पण प्रत्यक्ष कडी काढायची की नाही, हे ज्या त्या खेळाच्या मालकावर सोपवले. काहींनी ती काढली, काहींनी काढलीच नाही. 'एपेक्स लेजंड्स'ने तर उघडलेले दार ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा लावून घेतले. 'व्हॅलरंट'चा पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात बसतो. त्याला लिनक्सच्या घरात बसायला जागाच नाही. अशा खेळांपाशी रात्री जागवण्यात अर्थ नाही. हा बिघाड नव्हे, हा नकार आहे, आणि नकाराला दुरुस्ती नसते. खेळ विकत घेण्यापूर्वीच तो लिनक्सवर चालल्याचा इतरांचा अनुभव काय आहे हे पाहिले, तर पैसे आणि डोळ्यांतले पाणी दोन्ही वाचते.

राहता राहिला तो दोष, जो खरोखर दुभाष्याचाच असतो. तो आपल्या हातून दुरुस्त होत नाही; पण त्याची तक्रार तरी नीट करता येते, आणि ती केली तर दुरुस्त करणारी माणसे आहेत. इथे मात्र मी पुन्हा माझ्या वर्गात येते. दर वर्षी पत्रलेखन शिकवताना मुले विचारतात, "मॅडम, हल्ली पत्रं लिहितं कोण?" आता त्यांना मी हे उदाहरण देते. "तुमचा प्रोटॉन भिकार आहे" हे पत्र कचऱ्यात जाते, आणि ते जावे हेच योग्य. ज्या पत्रात यंत्र कोणते, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर कोणता, प्रोटॉनची आवृत्ती कोणती, काय केले असता काय घडले, दर वेळी घडते की कधीतरी, कोणत्या जुन्या आवृत्तीत घडत नव्हते, हे क्रमाने लिहिलेले असते आणि सोबत रोजनिशीची फाइल जोडलेली असते, ते पत्र वाचले जाते. त्यात विशेषण एकही लागत नाही. नामे, क्रियापदे आणि आकडे पुरतात.

तुमच्या घरी या सुट्टीत "क्रॅश झालं!" अशी आरोळी आली, तर "बंद कर ते आणि बाहेर जा" हे वाक्य जरूर म्हणा, आई-बापांचा तो हक्क आहे, आणि पोरांनी उन्हात जावे हे चांगलेच. पण मूल परत आले, की त्याच्या हाती एक वही आणि पेन द्या. नेमके कुठे थांबले, ते लिहायला सांगा. ते नुसते 'चालत नाही' असे लिहील. मग शेजारी बसून विचारा, "म्हणजे काय होतं?" पहिली दोन पाने ते कुरकुरत भरील. तिसऱ्या पानाला ते तुम्हालाच गप्प बसायला सांगील, कारण तेव्हा त्याला कारणाचा वास लागलेला असेल.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि त्यांच्या यंत्रांनाही.